सोबतीनें आलेलें माणूस

परदेशीं गेलेला मनुष्य मायदेशीं परतला म्हणजे त्याचें घर आनंदतें, गांव त्याची विचारपूस करतो, आणि त्याच्या ज्ञानाची गरज असेल तर सरकारहि त्यास मानाचें आसन देतें. हें सर्व योग्यच होय. परंतु पुष्कळदां तो एकटा परतत नाहीं. त्याच्या बरोबर त्याची पत्नी असते. परतणारी स्त्री असेल तर तिचा पति असतो. आणि त्या सोबत्याचा मायदेश हा नव्हे. दोघेंहि एकाच गाडींतून उतरतात, पण एक घरीं आलेलें असतें आणि दुसरें घर सोडून आलेलें असतें. त्यांतून मुक्काम ठराविक कामापुरता, वर्षा-दोन वर्षांचा असला म्हणजे ह्या दुसऱ्या माणसाची स्थिति अधिकच विलक्षण होते. ज्याचें काम आहे त्याच्या हातांत करारपत्र असतें, त्यांत मुदत लिहिलेली असते, वेतन लिहिलेलें असतें. सोबतीनें आलेल्या माणसाच्या हातांत असें कांहींच नसतें. इतिहासहि बहुधा त्यास 'कुटुंबासह आले' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळून मोकळा होतो. ह्या दोन शब्दांची घडी उलगडून आंत काय आहे तें पाहावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा विषय मुंबई-पुण्याच्या विलायतवाल्या कुटुंबांपुरता आहे, मराठवाड्यासारख्या आंतल्या प्रांतास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. अशा वाचकास आम्ही प्रथम शिरूर अनंतपाळाकडे नेऊं इच्छितों. हें आज लातूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव आहे. पूर्वी तें निलंगें तालुक्यांत मोडे, आणि निलंगें तालुका १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यांत होता. त्या सालीं निलंगें, उदगीर व अहमदपूर हे तीन तालुके बीदरापासून तोडून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यास जोडले गेले. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें आणि १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा निघाला. त्यापूर्वी, १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत, ह्या साऱ्या मुलखावर निजामाची सत्ता होती. अर्थात् येथील ज्या वृद्धांनीं आपल्या घराचा उंबरठा कधीं सोडला नाहीं, त्यांनींहि एका जन्मांत निजामाची प्रजा, हैदराबाद राज्याचे नागरिक, मुंबई राज्याचे रहिवासी आणि महाराष्ट्राचे रहिवासी अशा चार अवस्था भोगल्या. माणूस जागचें हलत नाहीं आणि राज्य त्याच्या पायाखालून सरकतें, हा अनुभव ज्या प्रांतास आहे, त्यास 'स्वदेश' आणि 'परदेश' हे शब्द किती पातळ आहेत हें सांगावयास नको.

निजामी अमदानींत ह्या भागाच्या लोकांस सोलापूर हें परमुलूख होतें. अंतर फार नव्हतें. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे लातुरापर्यंत येऊन पोहोंचल्यावर तर तें आणखी कमी झालें. परंतु सरहद्द ओलांडतांच राज्य बदले, कचेरीची भाषा बदले, खिशांतलें नाणेंहि बदले. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. साधारणपणें सात हाली रुपयांस सहा कलदार असा हिशेब. इकडे दरबारी कामकाज उर्दूंत, तिकडे मराठींत व इंग्रजींत. आणि इतकें असूनहि दैवतें एक, भाषा एक, सोयरीक एक. तुळजापूरची भवानी निजामाच्या हद्दींत आणि पंढरपूरचा विठोबा इंग्रजांच्या हद्दींत; पण नवसास आणि वारीस दोन्हीकडचीं माणसें दोन्हीकडे जात. सोलापूर-बार्शीकडील मुलगी निलंगें-उदगिराच्या बाजूस सून म्हणून येई, इकडची लेक तिकडे नांदावयास जाई. घरच्या दृष्टीनें ही नित्याची गोष्ट. कायद्याच्या दृष्टीनें मात्र ती मुलगी एका राज्याची प्रजा असतांना दुसऱ्या राज्याच्या हद्दींत शिरत असे. परमुलखाची सून हा प्रकार शिरुरासारख्या गांवीं नवलाचा नव्हता तो ह्यामुळें.

हैदराबाद संस्थानांत ह्या गोष्टीस लेखी नियमहि होते. सरकारी नोकऱ्या संस्थानच्या माणसांस मिळाव्या, बाहेरच्यांनीं त्या बळकावूं नयेत, ह्यासाठीं मुल्की आणि गैरमुल्की असा भेद तेथें फार दिवसांचा. त्या भेदाचे नियम १९१९ च्या फर्मानानें पक्के झाले. जन्मानें संस्थानची प्रजा असलेला तो मुल्की. बाहेरून आलेल्यास मुल्की व्हावयाचें असेल तर त्यानें निदान पंधरा वर्षें संस्थानांत कायम वास्तव्य करावें, आणि आपल्या पूर्वीच्या ठिकाणीं परत जाण्याचा विचार आपण सोडला आहे असें प्रतिज्ञेवर लिहून द्यावें. पण मुल्की पुरुषाच्या पत्नीस हीं पंधरा वर्षें नकोत आणि प्रतिज्ञाहि नको. ती लग्नानेंच मुल्की. सोलापूरची मुलगी शिरुरास नांदावयास आली कीं अक्षता पडतांच ती ह्या मुलखाची झाली.

हा नियम वाचून प्रथम आनंद होतो. पाहुणीस पंधरा वर्षें दारांत उभी न करतां सरळ माजघरांत घेणारा हा कायदा उदार वाटतो. परंतु त्याचें पुढचें कलम वाचलें कीं हा आनंद ओसरतो. मुल्की स्त्रीनें गैरमुल्की पुरुषाशीं लग्न केलें तर ती गैरमुल्की ठरे. शिरुरास जन्मलेली, तेथेंच वाढलेली लेक सोलापुरीं दिली कीं तिच्या जन्मगांवावरचा तिचा हक्क गेला. पति निवर्तला किंवा फारकत झाली, आणि ती कायमची राहावयास परत आली, तर मात्र तो हक्क तिला पुनः मिळे. म्हणजे पति हयात असतांना माहेर हें तिचें गांव नव्हे, आणि तो गेल्यावर मात्र होय! आतां समजा, अशी लेक सोलापुराहून आपल्या पतीस घेऊन दोन वर्षांसाठीं माहेरच्या मुलखांत कांहीं काम करावयास आली. गांव तिचा, भाषा तिची, पण सरकारी दप्तरांत दोघेंहि परकीं. सुनेस जें औदार्य दाखविलें त्याची किंमत लेकीकडून वसूल केली होती. हा कायदा स्त्रीस स्वतंत्र माणूस न समजतां पतीच्या सामानापैकीं एक समजत होता. तें सामान ज्या घरीं उतरेल त्या घरचें, एवढाच त्यांतला न्याय.

ह्यांत निजामी राज्याचा एकट्याचा दोष होता असें मात्र कोणी समजूं नये. ज्या इंग्रजी राज्याच्या सुधारणेचे पोवाडे त्या वेळीं गायिले जात, त्याच्या १९१४ च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्यांतहि हेंच तत्त्व होतें: ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ती ब्रिटिश प्रजा, आणि परक्याची पत्नी ती परकी. अमेरिकेंत तर ह्याहून चमत्कारिक प्रकार झाला. तेथें १९२२ च्या कायद्यानें स्त्रियांस पतीपासून वेगळें नागरिकत्व मिळूं लागलें, पण जो परदेशी मनुष्य वंशामुळें अमेरिकन नागरिक होऊंच शकत नाहीं, त्याच्याशीं लग्न करणाऱ्या स्त्रीस ही सवलत नव्हती. १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड ह्यांच्या खटल्यांत हिंदी लोकांस नागरिकत्वास अपात्र ठरविलें, आणि त्याचा तडाखा हिंदी पुरुषांशीं विवाह केलेल्या अमेरिकन स्त्रियांस बसला. क्रांतिकारक तारकनाथ दास ह्यांच्या पत्नी मेरी ह्या जन्मानें अमेरिकन असून आपल्याच देशांत परक्या ठरल्या. तेव्हां सोबतीनें आलेल्या माणसास स्वतःचें असें कांहीं नाहीं, ही समजूत त्या काळीं पूर्वेस होती तशी पश्चिमेसहि होती.

कायदा हा असा होता. आतां प्रत्यक्ष माणसांकडे वळूं. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कर्ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे नांव आमच्या वाचकांस नवीन नाहीं. १८८४ सालीं रायपुरास जन्मलेले, अमरावतीस वाढलेले केतकर १९०६ सालीं अमेरिकेस गेले. कॉर्नेल विश्वविद्यालयांत त्यांनीं हिंदुस्थानांतील जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला, १९११ सालीं डॉक्टर ही पदवी मिळविली, आणि परत येतांना कांहीं काळ लंडनांत राहिले. तेथें एडिथ कोहन ह्या जर्मन ज्यू कुळांतील विदुषीशीं त्यांची ओळख झाली. १९१२ सालीं केतकर एकटेच हिंदुस्थानांत परतले. मग महायुद्ध आलें, आणि ज्या देशाशीं इंग्रजांचें युद्ध चाललें होतें त्या देशाच्या रक्ताची ही मैत्री समुद्रापलीकडेच राहिली. १९२० सालीं एडिथ इकडे आल्या. व्रात्यस्तोम विधि करून त्यांस हिंदु धर्मांत घेण्यांत आलें, केतकरांशीं त्यांचा विवाह झाला, आणि त्या शीलवतीबाई केतकर झाल्या.

व्रात्यस्तोम हा विधि फार जुना. वैदिक संस्कारांच्या बाहेर राहिलेल्या व्रात्यांस आंत घेण्यासाठीं तो ब्राह्मणग्रंथांत सांगितला आहे. ज्ञानकोशकारांनीं तो ह्या प्रसंगीं उपयोगांत आणला ह्यांत त्यांची इतिहासदृष्टि दिसते. राज्याच्या कायद्यानें पत्नीस आपली म्हटलें तरी समाज तिला आपली म्हणेल असें नाहीं, हें ते जाणत होते. म्हणून समाजाच्याच जुन्या पेटींतून त्यांनीं तिला आंत घेण्याची किल्ली शोधून काढली. परंतु आमच्या मतें विधीनें एवढेंच झालें कीं दार उघडलें. आंत येऊन माणूस बसलें तें दुसऱ्याच कारणानें.

तें कारण म्हणजे काम. ज्ञानकोश ही स्वतः मुदतीची योजना होती. १९१६ च्या सुमारास नागपुरास तिचा आरंभ झाला, पुढें बिऱ्हाड पुण्यास हललें, आणि १९२० नंतरच्या दशकांत तेवीस खंड पुरे झाले. असा उद्योग करणाऱ्या पुरुषाच्या घरांत परदेशाहून आलेल्या स्त्रीनें काय करावें? स्वयंपाक शिकावा, नऊवारी नेसावी, आल्यागेल्याचें स्वागत करावें, एवढीच अपेक्षा बहुतेकांनीं केली असती. शीलवतीबाईंनीं एक निराळें काम हातीं घेतलें. प्राग येथील पंडित मॉरित्स विंटरनित्स ह्यांचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मन भाषेंत होता, आणि हिंदी अभ्यासकांपैकीं फार थोड्यांस तो वाचतां येत असे. शीलवतीबाईंनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. कलकत्ता विश्वविद्यालयानें त्याचा पहिला खंड १९२७ सालीं प्रसिद्ध केला. दुसरा खंड कुमारी कोहन ह्यांच्या सहकार्यानें १९३३ सालीं निघाला. वेद-पुराणांचा, बौद्ध व जैन वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या ह्या पुस्तकावर वाढल्या, आणि त्यांपैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत आलें असेल कीं मुखपृष्ठावरच्या 'मिसेस एस. केतकर' ह्या पुण्यांतल्या एका बिऱ्हाडांत बसून हें काम करीत होत्या.

ज्ञान आणण्यासाठीं परदेशीं पाठवावा लागला तो पति. परंतु त्याच्या सोबतीनें जें माणूस आलें त्याच्या पदरांतहि एक ज्ञान होतें, आणि तें येथें कोणापाशीं नव्हतें. जर्मन ही शीलवतीबाईंची घरची भाषा होती. त्या भाषेंत आमच्याच देशाविषयीं लिहिलेलें आम्हांस वाचतां येत नव्हतें. ज्यास आम्ही पाहुणें समजतों त्याच्या हातीं पुष्कळदां आमच्याच घराची एखादी किल्ली असते. परंतु 'तुमच्यापाशीं काय आहे?' असें विचारल्यावांचून ती किल्ली बाहेर येत नाहीं.

१९३१ सालीं हैदराबाद येथें भरलेल्या मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष केतकरच होते. ज्या संस्थानांत मुल्की-गैरमुल्कीचा भेद एवढा कडक, त्याच्या राजधानींत मराठी वाङ्मयाचें नेतृत्व करावयास एक गैरमुल्की पंडित गेला आणि निजामाच्या राज्यांतल्या मराठी माणसांनीं त्यास आपला मानला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें १९३७ सालीं केतकर वारले. ज्या पुरुषासाठीं एडिथ कोहन ह्या देशांत आल्या तो गेला, ज्या कामासाठीं तें घर उभें होतें तें पुरें होऊन गेलें, आणि परत जाण्यास कोणी अडविलें असतें असेंहि नाहीं. परंतु शीलवतीबाईंच्या अंतरंगाची खूण पुढें १९६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकांत सांपडते. तें पुस्तक मराठींत आहे आणि त्याचें नांव आहे 'मीच हे सांगितलं पाहिजे'. केतकरांच्या निधनानंतर बत्तीस वर्षांनीं, त्यांच्या भाषेंत, आणि 'मीच' ह्या शब्दानें आरंभ करून! 'कुटुंबासह आले' ह्या दोन शब्दांत ज्यांस इतिहासानें गुंडाळलें असतें, त्यांनीं आपली घडी आपणच उलगडली.

सर्वांच्या नशिबीं असें येत नाहीं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे १९३८ सालीं काँग्रेसनें चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकांतून गेले. काम तात्पुरतें होतें; पण ते तेथेंच राहिले, १९४१ सालीं क्वो छिंगलान ह्या परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला, आणि १९४२ च्या डिसेंबरांत, मुलगा कांहीं महिन्यांचा असतांना, त्यांचा अंत झाला. पत्नीस घेऊन सोलापुरीं यावें हें त्यांच्या हातून झालें नाहीं. पुढें क्वो छिंगलान अनेकदां हिंदुस्थानांत आल्या, पण त्या एकट्या आल्या. ज्याच्या सोबतीनें यावयाचें तोच नाहीं, अशा वेळीं आलेली ही सून प्रत्येक भेटींत पाहुणीच राहिली, आणि तरीहि दोन देशांमधील नात्याचा भार तिनें आपल्या २०१२ सालच्या मृत्यूपर्यंत वाहिला.

आतां ज्या उदाहरणाशीं आमचा विषय अगदीं तंतोतंत जुळतो तें पाहूं. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्या शतकाच्या मागल्या शतकांतले, टिळकांच्या स्फूर्तीनें पेटलेले तरुण. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकांत ते देश सोडून गेले. अमेरिकेंत शेतीशास्त्र शिकले, १९१३ सालीं वॉशिंग्टन राज्याच्या कॉलेजांतून पदवीधर झाले, आणि त्याच काळांत गदर पक्षाच्या उभारणींत राहिले. पहिल्या महायुद्धांत इराणच्या बाजूनें हिंदुस्थानच्या सरहद्दीवर सशस्त्र उठावाचा प्रयत्न त्यांनीं केला. तो फसल्यावर युरोप, रशिया असें हिंडत १९२४ सालीं ते मेक्सिकोस पोहोंचले आणि तेथें त्यांचें दुसरें आयुष्य सुरू झालें. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत ते प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनीं संशोधन केलें, गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा ह्या जगप्रसिद्ध चित्रकारानें आपल्या भिंतीवरच्या चित्रांत त्यांस स्थान दिलें.

१९३६ सालीं, ज्या सालीं महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगांवीं राहावयास गेले त्याच सालीं, वर्ध्याच्या ह्या पुत्रानें मेक्सिकोंत ज्यां अलेक्झांद्रीन सिंदिक ह्या बेल्जियन स्त्रीशीं विवाह केला. त्यांस दोन मुली झाल्या. ह्या घराची घडण ध्यानांत घेण्यासारखी आहे. पति हिंदी, पत्नी बेल्जियन, संसार मेक्सिकोंत. दोघांपैकीं कोणाचाहि जन्मदेश तो नव्हता. म्हणून तेथें दोघेंहि सारखींच परकीं आणि दोघेंहि सारखींच घरचीं होतीं. अशा जोडप्यापैकीं एकाच्या मायदेशाचें बोलावणें आलें म्हणजे हा समतोल एका क्षणांत बिघडतो. एकाचें पारडें 'घर' ह्या शब्दाच्या वजनानें खालीं येतें आणि दुसऱ्याचें वर जातें.

असें बोलावणें आलें तें स्वातंत्र्यानंतर. परंतु आपला देश स्वतंत्र झाला म्हणून आपलें दार उघडलें असेल ही खानखोज्यांची समजूत खरी ठरली नाहीं. इंग्रजी अमदानींत त्यांचें नांव काळ्या यादींत होतें; राज्य गेलें तरी यादी राहिली, आणि तिच्यामुळें मायदेशीं येण्याची परवानगी त्यांस प्रथम नाकारण्यांत आली. ज्यांच्या विरुद्ध ते लढले त्यांचा शिक्का, ज्यांच्यासाठीं ते लढले त्यांच्या कचेरींत, त्यांच्या वाटेंत आडवा आला. पुढें ती अडचण दूर झाली आणि १९४९ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारच्या निमंत्रणावरून शेतीविषयक सल्ल्याच्या कामासाठीं ते मायदेशीं आले. काम थोड्या दिवसांचें होतें आणि तें आटोपून ते मेक्सिकोस परतले. मग १९५५ च्या सुमारास त्यांनीं कायमचा निश्चय केला व नागपुरास बिऱ्हाड थाटलें. १९६७ च्या २२ जानेवारीस तेथेंच ते वारले.

ह्या कथेंत सामान्यतः ज्या गोष्टीकडे लक्ष जात नाहीं तिच्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. चाळीस वर्षांनीं परतणारा मनुष्य ज्या गांवीं परततो तो गांव त्यानें सोडलेला नसतोच. वर्ध्याच्या मुलाच्या आठवणींतला देश टिळकांचा होता. तो उतरला त्या देशांत टिळक जाऊन तीन दशकें होत आलीं होतीं. अशा वेळीं पति-पत्नींत परकें कोण? भाषा पतीस येते, म्हणून लोक त्यास घरचा समजतात. पण त्याचें अर्धें मन दुसऱ्या मातींत रुजलेलें असतें. पत्नीस भाषा येत नाहीं, म्हणून लोक तिला परकी समजतात. पण पतीच्या गेल्या तेरा-चौदा वर्षांची साक्ष तिच्याशिवाय ह्या देशांत दुसऱ्या कोणापाशीं नसते. तो मायदेशीं आला म्हणजे एकटा पडतो, आणि त्याचें एकटेपण ओळखणारें एकच माणूस असतें. तें म्हणजे ज्यास लोक पाहुणें म्हणतात तें. ह्या कुटुंबांतल्याच एका कन्येनें, सावित्री साहनी ह्यांनीं, पुढें वडिलांचें चरित्र इंग्रजींत लिहिलें. २०२२ सालीं चापिंगो येथें खानखोज्यांचा पुतळा भारताच्या लोकसभाध्यक्षांच्या हस्तें उघडण्यांत आला. पुतळा परदेशांत उभा आहे आणि देह नागपुरांत पडला. ह्या दोहोंच्या मधलें अंतर ज्या संसारानें जोडलें, त्यांत दुसरा वांटा ज्या बाईंचा, त्यांचें नांव आज महाराष्ट्रांत किती जणांस ठाऊक आहे?

हा झाला इतिहास. आतां कायदा कोठें आला आहे तें थोडक्यांत सांगतों. मुल्की नियमांचें आयुष्य बरेंच लांबलें. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ते अजून जिवंत असल्याचा निर्णय दिला, आणि त्यानंतरच ते मोडीत काढण्यांत आले. देशाचा नागरिकत्वाचा कायदा १९५५ सालचा. त्यांत भारतीय नागरिकाशीं विवाह केलेल्या स्त्रीस नोंदणीनें नागरिकत्व मिळण्याची सोय होती. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीस मात्र ती नव्हती. शिरुरच्या लेकीवर जुन्या नियमांत जो अन्याय होता त्याचीच ही सौम्य आवृत्ति होय. १९८६ च्या दुरुस्तीनें 'स्त्री' ह्या शब्दाच्या जागीं 'व्यक्ति' हा शब्द आला आणि लेक-सून सारख्या झाल्या. परंतु त्याच वेळीं पांच वर्षांच्या वास्तव्याची अट आली, आणि पुढें तिची सात वर्षें झालीं. जे नागरिकत्व मागत नाहींत त्यांच्यासाठीं २०१५ पासून अशी तजवीज आहे कीं, विवाह नोंदलेला असून अर्जापूर्वी निदान दोन वर्षें टिकलेला असेल तर परदेशी जोडीदारास भारताचा परदेशस्थ नागरिक म्हणून नोंदून घेतां येतें. अशी नोंद झालेल्यास येथें नोकरी-धंदा करतां येतो; शेतजमीन मात्र विकत घेतां येत नाहीं. त्या आधीं जो व्हिसा मिळतो त्यावर राहतां येतें, पण नोकरी करतां येत नाहीं.

आतां ह्या नियमांचा अर्थ शिरुरच्या ओसरीवर बसून लावून पाहावा. लातूरच्या अभ्यासपद्धतीचा बोलबाला गेलीं कित्येक वर्षें सर्व महाराष्ट्रांत आहे. त्या बाजूच्या शेतकऱ्यांचीं व शिक्षकांचीं मुलें वैद्य झालीं, अभियंते झालीं, आणि परदेशीं गेलीं. त्यांतला एखादा किंवा एखादी, लग्न होऊन वर्ष झालें नाहीं तों, वर्षभराच्या कामासाठीं जोडीदारासह परत येते. काम करणारास काम आहे. जोडीदारास राहण्याची परवानगी आहे, काम करण्याची नाहीं; दोन वर्षांची अट पुरी होईपर्यंत परत जाण्याची वेळहि येऊन जाते. जो मनुष्य परदेशांत आपल्या हिमतीवर मिळवीत होता, तो येथें येऊन पतीच्या वा पत्नीच्या कमाईवर बसून राहतो, आणि घरचीं माणसें प्रेमानें त्याच्या ताटांत आणखी एक पोळी वाढतात. प्रेम खोटें नसतें. पण पोळीनें पोट भरतें, दिवस भरत नाहीं.

खोट्या विवाहांस आळा घालावा म्हणून मुदतीच्या अटी लागतात, हें आम्हांस मान्य आहे. राज्यास आपलें दार पारखून उघडण्याचा अधिकार आहेच. परंतु ज्यास राज्य स्वतः कामासाठीं बोलावतें, त्याच्या जोडीदाराचा विचार त्याच पत्रांत कां होऊं नये? विश्वविद्यालयानें, रुग्णालयानें किंवा सरकारी खात्यानें आपल्या माणसास मुदतीनें परत आणतांना दोन ओळी अधिक लिहिल्या, सोबत येणाऱ्याचें शिक्षण काय, त्यास येथें कोणतें काम करतां येईल, तें करण्याची मोकळीक त्याच्या मुक्कामापुरती द्यावी, तर ह्यांत राज्याचें नुकसान नाहीं. शीलवतीबाईंनीं केलेलें भाषांतर कोणाच्याहि करारपत्रांत नव्हतें. पण त्याचा लाभ साऱ्या देशास झाला.

आणि सरकारापेक्षां घराचें काम अधिक सोपें आहे व अधिक मोठेंहि आहे. परदेशची सून किंवा जांवई आला म्हणजे आपण त्यास आपलें करण्याच्या खटपटीस लागतों. नांव बदलतों, वेष बदलतों, जेवण बदलतों. मुक्काम वर्षाचा असला तर ही खटपट बहुधा अर्धीच राहते, आणि दोन्ही बाजूंस थोडें अवघडलेपण उरतें. त्याऐवजीं त्या माणसास, तें काय जाणतें, काय करूं शकतें, येथें त्याला काय करावेंसें वाटतें, एवढें विचारावें. सरहद्दीपलीकडची सून पिढ्यान् पिढ्या घरांत घेणाऱ्या ह्या मुलखास ही रीत अवघड वाटावी असें कारण नाहीं. सोलापूरकडून आलेली सून हाली आणि कलदार दोन्ही नाणीं ओळखत असे. ज्या घरानें तिला हिशेबास बसविलें त्या घरचा हिशेब सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस चुकला नाहीं. परदेशाहून थोड्या दिवसांसाठीं आलेल्या माणसापाशींहि असेंच दुसरें एखादें नाणें असतें. तें पदरांत बांधूनच त्यानें परत जावें, कीं येथें असेतों तें चाललें असें त्याला म्हणतां यावें, हें आपल्या हातीं आहे.